झोपलंय, उघडू नका

माय,

आज सकाळपासून देवपुरात वीज नव्हती आणि माझ्या जिवाला थारा नव्हता. धाकट्या लेकीने ऑफिसातून लॅपटॉप आणलाय. वहीसारखा मिटता येणारा कॉम्प्युटर. वीज नसली तरी आतल्या बॅटरीवर चालतो, पण थोडाच वेळ. ठिबकच्या नळ्या शेतातून कशा न्यायच्या त्याची चित्रं तिने त्यात काढली होती, आणि दुपारी धरणगावकडच्या एका बांधावर ती शेतकऱ्यांना आणि साहेबांना दाखवायची होती. बांधावर वीज कुठली? नीट झालं तर नोकरी कायम, नाहीतर घरी बस. आधीच बॅटरी संपली तर?

झाकण मिटून ती म्हणाली, "आबा, हे आता झोपलंय. बाकी सगळं बंद, फक्त केलेलं काम आत धरून ठेवलंय. बॅटरी वाचते. मी अंघोळीला जाते, हात लावू नका." कडेला एक हिरवा दिवा हळूहळू उजळायचा, विझायचा. विझला की वाटायचं, गेलं. मी झाकण किलकिलं केलं, तर ते घुर्र करून जागंच झालं. घाबरून मिटलं. मग वाटलं, मिटूनही आत चालूच असेल तर? परत उघडलं. ती ओल्या केसांनी बाहेर आली. "अहो आबा, झोपलेल्याला उठवून विचारताय, झोपलास का म्हणून? उठवण्यातच जास्त जाते बॅटरी!"

मला हसू आलं नाही. तू आठवलीस.

वडील झोपेतच गेले आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. त्यानंतर तू दुपारी जिनिंगमधून येऊन चुलीपाशी आडवी झालीस की माझा जीव टांगणीला. तशी तू मिटल्या डोळ्यांनीही घर चालवायचीस. "दाय उतू जाई ऱ्हायनी, झाकन सरकाड," असं न हलता सांगायचीस, आणि डाळ खरंच उतू जात असायची. पण गप्प राहिलीस की मी तुझा खांदा हलवतो. मावशी ओरडते, "निजू दे ना रे तिले! दिनभर कापूस वढस ती." तू मात्र डोळे न उघडता म्हणतेस, "शे रे, शे." आहे रे, आहे. दर दुपारी. उठवण्यातच जास्त जातं हे मला आज लेकीकडून कळलं. तुला ते तेव्हाही कळत असणार, तरी तू एकदाही हात झटकला नाहीस. मी आजवर जो काही धीर धरला तो त्या एका शब्दावर.

संध्याकाळी लेक हसत परतली. बॅटरी पुरली. बांधावर एका म्हाताऱ्याने विचारलं म्हणे, "हाऊ टीव्ही शे का, बिनवायरना?" साहेबसुद्धा हसले, आणि नोकरी कायम म्हणाले. आता ती खाटेवर दमून पडलीय. मी दारातून बघतो, हलवत नाही.

हे पाकिटात घालून कुठे धाडू? उशीखालीच राहील. पण एक सांगतो. तू गेलीस त्या दुपारी मावशी म्हणत होती, एकदा हलवून बघ. मी हलवलं नाही. म्हणून तुझं शेवटचं उत्तर माझ्यापाशी अजून तेच आहे, माय.