चित्रात न दाखवलेला भाग

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची सुप्याला. बेलापूरहून निघताना आईने बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि शंभर सूचना बांधून दिल्या. त्यातली मुख्य सूचना अशी की नव्या ठिकाणी पहिला महिना तरी कोणाशी भांडू नकोस. माझा राग नाकावर असतो असं तिचं मत आहे. खोटं नाही.

कारखाना एमआयडीसीच्या मागच्या टोकाला आहे, पण छान आहे. लहान विमानांची इंजिनं इथे येतात, उघडतात, तपासली जातात आणि पुन्हा बांधून जातात. बांधलेलं इंजिन तपासून शेवटची सही करायची, ही माझी नोकरी. सहा वर्षं परीक्षा देत लायसन्स काढलं त्याचं आज सार्थक झालं. मालकांना सगळे प्रशांत सर म्हणतात. त्यांनी स्वतः चहा आणून दिला आणि टेबल दाखवलं.

टेबलावर पार्ट्स कॅटलॉग. लाल पुठ्ठ्याचा, जाडजूड, कडा तेलकट. मला हे पुस्तक कादंबरीपेक्षा आवडतं. डाव्या पानावर इंजिनाचा एखादा हिस्सा सुटा करून हवेत मांडलेला असतो, भाग तुटक रेषांनी जोडलेले, प्रत्येकाला गोलात आकडा. उजव्या पानावर त्या आकड्यांची यादी असते. भागाचं नाव, नग किती, आणि शेवटच्या रकान्यात तो कोणत्या क्रमांकाच्या इंजिनाला चालतो. आकड्याआधी डॅश असेल तर तो भाग चित्रात दाखवलेला नाही, पण इंजिनात आहे. आमचे मास्तर सांगायचे की पोरं नेमके तेच भाग विसरतात.

८ जानेवारी

स्टोअरला रंभाजी तात्या आहेत. साठीचे, काष्टीचे. कॅटलॉगमधलं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आकडा सांगितला की डोळे मिटून डबा काढून देतात. मला ‘बाई’ म्हणतात. मी जयमाला म्हणा म्हटलं तर हसले.

दुपारी प्रशांत सरांनी अकरा कागदी पट्ट्या दिल्या. कॅटलॉगमध्ये सुधारणा आल्यात, त्या त्या ओळीवर चिकटवून टाका म्हणाले. खरं तर सुधारणा आख्ख्या पानाने येते, सोबत इंजिन बनवणाऱ्यांचं पत्र असतं. पत्र कुठे आहे असं मी विचारलं. ऑफिसात फाइलला आहे म्हणाले. पट्टी धरून, डिंक लावून सगळ्या सरळ रेषेत चिकटवल्या. सरांनी कौतुक केलं. मलाही आपलं काम आवडलं.

११ जानेवारी

आकृती ७, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड. तिथे रॉडला क्रँकवर आवळून धरणाऱ्या बोल्टच्या ओळीवर मी लावलेल्या पट्टीशेजारी कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘ही पट्टी कोणी लावली?’

माझं डोकंच फिरलं. चेष्टा करायची तर तोंडावर करावी. खोडरबराने पुसलं आणि तात्यांना जाऊन झापलं. ते पुस्तक बघायला आले. पुसलेल्या जागी उमटलेली अक्षरं त्यांनी बराच वेळ पाहिली, मग टोपी काढून हातात धरली.

ते म्हणाले, “बाई, ह्ये कल्यानचं अक्षर हाय.”

कल्याण म्हणजे माझ्या आधी या टेबलावर बसणारा. मागच्या मे महिन्यात टेस्ट स्टँडवर इंजिन चालू करून शेजारी उभा होता. आतला रॉड तुटून कव्हर फोडून बाहेर आला. उजवा हात मनगटापासून गेला. “नगरला नेईस्तोवर पोरगं गेलं. हात लई हुडकला आमी. सापडलाच न्हाई,” तात्या म्हणाले.

हे मला नोकरीवर घेताना कोणी सांगितलं नव्हतं.

१५ जानेवारी

पहिलं इंजिन माझ्याकडे आलंय. चार सिलिंडरचं, फ्लाइंग क्लबच्या शिकाऊ विमानाचं. क्लबची माणसं बघायला आली, त्यांच्यात निकिता नावाची एक मुलगी होती. एकोणीस वर्षांची. वडील काष्टीच्या बाजारात बैलांचे साज विकतात. हे इंजिन तिच्या विमानात बसणार आणि तेच विमान घेऊन ती पहिल्यांदा एकटी उडणार. तिने चप्पल काढून इंजिनाला हात लावला आणि नमस्कार केला. मग माझ्याकडे बघून विचारलं, ताई, सही तुमचीच असते ना? मी हो म्हटलं.

ती गेल्यावर तात्यांनी हळूच सांगितलं की हे तेच इंजिन आहे. कल्याणचं. कव्हर आणि तुटलेला रॉड नवा घातलाय, बाकी तेच.

१८ जानेवारी

पुन्हा लिहिलंय. या वेळी इतकं दाबून की कागद फाटलाय. ‘पट्टीखाली वाच.’

ब्लेडने पट्टी उचलली. खाली छापलंय की हा बोल्ट फक्त जुन्या इंजिनांना चालतो, अमुक क्रमांकापर्यंत. आमचं इंजिन त्याच्या किती तरी पुढचं. त्याला जाड बोल्ट लागतो. आणि माझी सुबक पट्टी म्हणत होती, ‘सर्व इंजिनांना’.

त्या पट्टीखाली आणखी एका पट्टीचा वाळलेला डिंक होता. म्हणजे कल्याणनेही लावली होती, अपघातानंतर कोणीतरी काढून टाकली. त्यालाही पत्र ऑफिसात फाइलला आहे असंच सांगितलं असणार.

स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं शिकले आणि पत्र न बघता डिंक लावत बसले. बाकीच्या दहा पट्ट्याही उचलल्या. कंपनीच्या साइटवर ताडून पाहिल्या, त्या खऱ्या निघाल्या. दहा खऱ्यांत एक खोटी सरकवली होती.

२० जानेवारी

सरांच्या केबिनमध्ये शिरले आणि पट्टी त्यांच्यासमोर टेबलावर आपटली. त्यांनी पेन बाजूला ठेवून शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की जाड बोल्ट परदेशातून यायला तीन महिने लागतात, जुन्यांचा डबा भरलेला आहे, माप तेच, आटे तेच, बसतो की व्यवस्थित. बसतो! हेच तर दुखणं आहे. बसतो, घट्ट होतो, चालतो आणि मग तुटतो, कधी टेस्टवरच, कधी पन्नास तासांनी. मी कल्याणचं नाव काढलं. ते म्हणाले, कल्याण बेपर्वा होता. वर हेही म्हणाले की पट्टी तुम्ही तुमच्या हाताने लावलीय, विचार करून बोला.

त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईला कळलं तर जेवणार नाही.

विमान खात्याच्या सरकारी कार्यालयात ईमेलने लेखी तक्रार पाठवली. मार्चमध्ये तपासणी ठेवू असं संध्याकाळी उत्तर आलं. क्लबच्या व्यवस्थापकाला फोन केला. त्याने गोड बोलून ऐकून घेतलं. नंतर तात्यांकडून कळलं की तो सरांचा मेहुणा आहे. निकिताचा नंबर द्यायला त्याने साफ नकार दिला. तात्यांनी काष्टीला तिच्या वडिलांना फोनवर गाठलं, पण त्यांचा विश्वास व्यवस्थापकावरच.

२३ जानेवारी

आकृती ७ च्या यादीत कालपर्यंत पंचेचाळीस भाग होते. मला पाठ आहेत. आज खाली एक ओळ जास्त आहे. पेन्सिलीची नाही. छापील, पुस्तकातल्याच टायपात, पुस्तकातल्याच इंग्रजीत. मराठीत लिहून ठेवते:

–४६. हात, उजवा. नग १.

आधी डॅश. म्हणजे चित्रात नाही, पण आत आहे.

तात्यांना दाखवलं. त्यांना ओळ वाचता येत नाही, पण कालपर्यंत ती जागा कोरी होती हे त्यांनीही सांगितलं. म्हणजे मला वेड लागलेलं नाही.

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन. सरांनी सुरक्षिततेवर भाषण केलं. मी मुठी आवळून उभी होते. जिलेबी घेतली नाही.

ओळ बदललीय. शेवटच्या रकान्यात आता ‘याऐवजी नवा भाग वापरावा’ असं आलंय. बंद पडलेल्या भागांपुढे येतं तसं. नव्या भागाच्या नंबराच्या जागी माझा हजेरी नंबर आहे.

पट्टीच्या जागी पेन्सिलीने परत तेच. ‘कोणी लावली?’

मी खाली लिहिलं, ‘मी लावली. तूही लावली होतीस. रागवायचं तर केबिनमधल्यावर रागव.’

२९ जानेवारी

डॅश गेला.

म्हणजे आता चित्रात आहे. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकाजवळ, तुटक रेषेवर. पाच बोटं सुटी करून, हवेत मांडलेली, प्रत्येक पेराला आकडा. करंगळीचं टोक नाही. माझ्या करंगळीचं टोक लहानपणी कडबाकुट्टीत गेलं.

पान फाडलं. चहाच्या चुलीत घातलं. दुपारी पुस्तक उघडलं तर पान जागेवर.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, म्हणजे खोटं बोलायला नको. पण भीतीपेक्षा राग जास्त येतो. याचा हात गेला म्हणून हा मलाच धरतो. करणारा तिकडे केबिनमध्ये बसून डबा खातोय.

३१ जानेवारी

इंजिनाला ‘तपासून पास’ असा टॅग बांधलाय. खाली सही माझी. मी केलेली नाही. माझा शिक्का ड्रॉवरमध्ये होता, कुलूप तोडलंय, आणि सही हुबेहूब. सोमवारी सकाळी टेम्पो येणार. बुधवारी निकिता उडणार.

टॅग फाडला. सरांनी दुसरा बांधला. माझ्यासमोर. हसत. मला सोमवारपासून येऊ नका म्हणाले.

१ फेब्रुवारी

तात्यांना सगळं सांगितलं. उद्या रविवार, कारखाना बंद. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. जुन्या बोल्टांचा डबा ते दुपारपर्यंत नेऊन दगडखाणीच्या पाण्यात टाकणार. म्हणजे परत घालायला काही उरणार नाही. “मी आत न्हाई येनार बाई. मला त्यो दिसतो,” म्हणाले.

आत आठ बोल्ट आहेत. आठही निघाले पाहिजेत. नुसतं बाहेरून काही मोडलं तर दोन दिवसांत दुरुस्त करतील. सात निघाले तर नवे सातच मागवतील, मला माणूस कळलाय. आठवा तसाच आत राहील, त्या मुलीच्या पायापुढे.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

उन्हं चांगली आलीत शेडमध्ये. पहिला सिलिंडर उतरवला. भोकातून हात घालून दोन नट सोडले. दोन बोल्ट बाहेर. पुस्तक बंद करून वर वजन ठेवलंय.

१२ वाजता

दुसराही झाला. चार. प्रत्येक बोल्ट जुनाच, प्रत्येक. शिव्या देत काढले.

पुस्तक उघडं आहे. मी उघडलेलं नाही.

१.३०

चौथा आधी घेतला. सहा. तिसरा शेवटी ठेवलाय, कारण —

का ते माहीत आहे.

२.१०

सातवा निघाला. आठवा नट सोडताना आत बोटांना बोटं लागली. थंड नव्हती. गरम, तेलकट. धरलं. मी ओरडून सांगितलं की सोड, तुझंच काम करतेय, बोल्ट काढतेय. ऐकलं नाही. मग क्रँक फिरला. शेडमध्ये कोणी नाही. अर्धा फेरा. सावकाश. हात आत अडकलाय, डाव्याने लिहितेय.

२.४०

यापुढे डाव्याच हाताने लिहायचं. ओढणी घट्ट बांधलीय. तात्यांना फोन लावला, निघालेत. खाणीवरून अर्धा तास.

हात बाहेर आला नाही. मनगट आलं.

सातवा बोल्ट खाली पडलेला सापडला. सात आहेत, मोजले. एक राहिला.

थांबले तर — तात्या दवाखान्यात नेतील, सर येतील, सिलिंडर चढवतील. निकिताने चप्पल काढली होती.

३

पुस्तकात बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं.

–४७. हात, डावा. नग १.

अजून डॅश आहे. अजून चित्रात नाही. म्हणजे वेळ आहे.

पाना बसलाय नटावर. फिरतोय. वही मांडीवर, पेन दातात धरून मधे मधे —

कल्याण, ऐक. पट्टी मी लावली. माझ्या हाताने लावली, पत्र न बघता. घ्यायचं ते घे. पण बोल्ट बाहेर येऊ दे. आधी बोल्ट, मग —