इंजिन बोंबलतं, गाडी सरकत नाही

१० जाने. ९७, शुक्र.
जितुशेठ टेम्पोत वॉटर स्कूटर घालून माझ्या स्कूटर-गॅरेजवर हजर! सुरतेत, आमच्या उधन्यात असली वस्तू पहिल्यांदाच. लालभडक, चाकंच नाहीत. मुंबईहून सेकंडहॅण्ड आणलीय. इंजिन बोंबलतं, पण तापीत म्हशीसारखी रेंगाळत चालते. शेठ म्हणे, "विलासभाई, आ तो स्कूटर ज छे ने!" मी हो म्हणून बसलो. पळाली तर शेठ अजून दोन आणणार, नदीच्या ओवाऱ्यावर, घाटावर, लोकांना फेऱ्या मारून आणणार, आणि मशीनं सांभाळायला मी. कायमचा! म्हणजे कापडाच्या लूमवरची रातपाळी सुटली.

११, शनि.
दोन्ही प्लग काळेकुट्ट. शेठच्या ड्रायव्हरनं पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळलं होतं, आपण स्कूटरला घालतो तसं. हिची ऑइलची टाकी वेगळी आहे, भल्या माणसा! दुप्पट तेल पाजलं बिचारीला. सगळं उपसलं, नवे प्लग, नळीनं पाणी देत स्टार्ट. अहाहा, काय सूर! शेजारचा वेल्डर काम टाकून बघायला आला.
उद्या नदीवर. रंजना म्हणते मीपण येते, तापीमायची ओटी भरायची. तिचं माहेर शिरपूरकडं, तापीकाठचंच. नवं काम नदीवर निघालं की ओटी आधी.

१२, रवि.
रंजनानं खण-नारळ, तांदूळ पाण्यात सोडले. हात जोडले. मी तिथूनच किक... किक कसली, बटण! पहिली झेप अशी की हँडल सुटता सुटता वाचलं. शेठ काठावर नाचतोय. आणि मधेच, फुस्स. इंजिन जीव खाऊन ओरडतंय, गाडी जागची सरकेना. हातानं वल्हवत परत आणली. लाज गेली.
शेठ नुसतं म्हणाला, "मुंबई मोकली दईए?" परत पाठवायची म्हणे. मी म्हटलं, शेठ, दोन दिवस द्या.

१३, सोम.
सकाळपासून कार्बोरेटर, रीड, कॉम्प्रेशन. सगळं टकाटक. मग चिडून स्वतःलाच शिवी दिली. अरे, इंजिन ओरडतंय म्हणजे इंजिनात दम आहे! दम पाण्याला पोचत नाही. स्कूटरची क्लच प्लेट घसरते तसं. पण इथं क्लच कुठाय? आडवी केली, पोटाखालची जाळी बघितली. आत हिरवं काहीतरी. ओढलं.
खण! पाणी मागं फेकणाऱ्या पंख्याच्या दांड्याला पिळून बसलेला, जरीच्या काठासकट.
मी खो खो हसत घरी नेला, नवागामला. रंजनानं हातात घेतला, तोंड उतरलं. "खण मन्हाच शे! तापीमायनी ओटी लिधी नही का?" मी म्हटलं, मीच गाडी ओटीवर घातली, नदीचा काय दोष! ऐकेना. भांडण. जेवली नाही. हसायला नको होतं, चुकलंच माझं.
पण खणाखाली अजून एक थर होता. जुना, कडक झालेला धागा, आणि पंख्याच्या पात्यांच्या कडा दगडांनी चावलेल्या. म्हणजे म्हशीची चाल पहिल्यापासून ह्याच्यामुळं! वेल्डरकडून कडा भरल्या, कानसीनं घासल्या. बोटं सोलली, पण काय मजा आली!
गाडीपायी काल रातपाळीला खाडा झाला, त्यावरून लूमचा मुकादम बोलला. अजून एक खाडा केला तर माझे लूम दुसऱ्याला.

१४, मंगळ. उत्तरायण
आख्खं सुरत गच्चीवर, पतंगांत. आम्ही नदीवर. रंजनानं आज ओटी वरच्या अंगाला, लांब जाऊन सोडली. ती वाहून पुढं जाईपर्यंत मला गाडीला हात लावू दिला नाही. शेठही चप्पल काढून, हात जोडून उभा.
मग सोडली. अरे काय पळाली!! डोळ्यांतून पाणी, तोंडात तापी, दात वाजताहेत. पलीकडच्या काठाला जाऊन वळवली, परत तेवढीच ताकद. जोरात ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही. रंजनालाही मागं बसवलं. आधी नाही नाही, मग खांद्यात नखं रुतवून, "आखो जोरमा!" अजून जोरात!
शेठनं मिठी मारली. "आजे सांजे मुंबई चालो मारी साथे, बीजी बे जोई आवीए." दुसऱ्या दोन मशीनं बघायला! मी विचारलं, मग माझं काम नक्की ना? "जोईशुं, विलासभाई, जोईशुं." बघू म्हणे, तेही हसत. त्या हसण्याचा अर्थ लागत नाही.
शेठची गाडी संध्याकाळी निघणार. लूमचा भोंगाही त्याच सुमाराला.
मला जायचंय. खरंच जायचंय. आणि भीती वाटतेय.
रंजना चुलीपाशी. पीठ मळून ठेवलंय, भाकरी थापत नाही. "डबा एक शिफ्टना भरू, का मुंबईना?"
तिसऱ्यांदा विचारतेय.