टाकीजवळची वेल

१८ एप्रिल, सकाळ

तीर्थरूप बाबांना, तुमच्या रुसव्यासकट नमस्कार.

फोन केला की तुम्ही "हं" म्हणता आणि ताईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. चष्मा तुम्ही रागाच्या भरात इथेच खिडकीत ठेवून गेलात, तेव्हा हे ताईच वाचून दाखवणार. ताई, मोठ्यानं वाच आणि मध्येमध्ये स्वतःचं काही घुसडू नकोस. कंसातलं तेवढं फक्त तुझ्यासाठी, ते मनातल्या मनात.

बाबा, फुटल्या! सगळ्या वेली फुटल्या!

भावोजी जवळ बसले असतील तर त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगते. ताई म्हणते, त्यांना अजून वाटतंय की तुम्ही भाजीतल्या मिठावरून घर सोडलंत. भावोजी, गेल्या वर्षी आम्ही घरामागच्या आमच्या तुकड्यावर द्राक्षाच्या वेली लावल्या. शेणखत आणि कुजवलेला पाला एवढंच घालायचं, विषारी औषधाचा थेंब नाही, हा माझा हट्ट. बाबांनी खांब रोवले, तारा ओढल्या. वर्षभरात वेली तारेला पोचल्या. आणि फेब्रुवारीत मी त्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटल्या. प्रत्येकीवर दोनच डोळे राखले. डोळा म्हणजे काडीवरचा फुगीर ठिपका, तिथून कोंब येतो. पहिल्या वर्षी असं केलं की मुळं भक्कम होतात आणि नवी काडी जाड, सरळ येते.

बाबा त्या दिवशी बाजारातून आले. हातातली पिशवी खाली न ठेवता सगळ्या रांगांतून फिरले. मग मला म्हणाले, "वर्षभर चढवलेली भिंत पाडलीस? गवंड्याच्या घरात?"

"बाबा, पुढच्या वर्षी दुपटीनं येईल."

"येईल तेव्हा येईल. कापताना तुझा हात जरासुद्धा थरथरला नाही?"

"नाही."

"मग झालंच. ज्याचा हात थरथरत नाही, त्याच्या हाती कात्री देऊ नये."

आणि दुपारच्या गाडीनं बाबा तुमच्याकडे. आईनं डबा भरून दिला, तो मात्र घेतला. राग माझ्यावर होता, डब्यावर नव्हता.

असो. आता इकडची खुशाली. नवी पानं हिरवी नसतातच, बाबा! आधी गुलाबी असतात, तान्ह्या बाळाच्या कानाच्या पाळीसारखी, आणि त्यांच्यावर बारीक लव असते. मग हळूहळू उघडतात. पहिल्या रांगेतल्या काड्या आताच माझ्या गुडघ्याला लागल्या. दोन ओळींमधलं गवत मी उपटत नाही. पलीकडचे काका रोज कुंपणावर कोपरं टेकून विचारतात, "पदवी कशात घेतलीस गं, आळसात?" परवा त्यांना पानाखालचे लाल ठिपकेवाले किडे दाखवले, पानांचा रस शोषणारा मावा खाणारे. ते गवतातच राहतात. काका कुंपणावरून वाकले आणि म्हणाले, "फुकटचे मजूर आहेत की! चार इकडे पाठव."

परवा रात्री इतकं वारं सुटलं की काकांचा पत्रा उडून आपल्या अंगणात आला. तुमच्या एकाही खांबानं मान हलवली नाही. सकाळी मी ओळंबा लावून बघितला. सगळे अजून सरळ उभे.

(ताई, बाबा काय म्हणताहेत? तू सांगितलंस ना, त्यांनी तुझ्या गॅलरीतल्या वेलाला ओळंबा लावून सुतळी बांधली, आणि "ह्याला कोणी हात लावायचा नाही" अशी ताकीद दिली. ते ऐकून आई इतकी हसली की तिला ठसका लागला.)

आईनं एक निरोप दिलाय. तिचे शब्द जसेच्या तसे: "ह्या स्वयंपाकघराची भिंत छातीपर्यंत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाडली होती. का, तर पाया बोटभर सरकलाय. महिनाभर मी उघड्यावर चूल मांडली. तेव्हा मी गेले होते का रुसून?"

मी काही बोलत नाही बाबा, हे आईचं आहे.

(ताई, छाटणीनंतर कितीतरी दिवस काहीच झालं नाही. नुसत्या काठ्या उभ्या होत्या. मी सकाळी उठले की बाबांचा चष्मा लावायचे, ओणवी होऊन एकेक डोळा बघायचे. त्यांच्या भिंगातून बारीकसुद्धा मोठं दिसतं. चष्मा टपालानं पाठवला नाही तो एवढ्यासाठी. पुस्तक माझं पाठ होतं गं, पण खात्री कशाचीच नव्हती. बाबा ज्याला त्याला सांगत फिरायचे, "आमची पदवी म्हणते म्हणजे तसंच असणार." घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, मग विचारायचं कुणाला? आणि मला "माहीत नाही" म्हणायची चोरी. बाबांनी हात थरथरला का विचारलं, तेव्हा मला वाटलं, हो म्हणाले तर त्यांचा सगळाच विश्वास जाईल.)

बाबा, एक गोष्ट राहिली. तुम्ही त्या दिवशी सगळ्या रांगा बघितल्यात, पण पाण्याच्या टाकीमागे गेला नाहीत.

टाकीजवळची शेवटची वेल मी कापली नाही. तुम्ही स्वतः खड्डा खणून लावलेली. तिला तुम्ही जुन्या सदऱ्याच्या चिंधीनं बांधलं होतं, सुतळी काचेल म्हणून. बाकीच्या सगळ्या कापून मी तिच्यापाशी आले, ती चिंधी बघितली आणि कात्री उघडलीच नाही.

ती आता झिपरी झालीय. काड्या ढीगभर, पण सगळ्या किडकिडीत. पुस्तक खोटं नाही बोललं. मात्र सगळ्या मळ्यात घड धरलाय तो तिनं एकटीनं. हिरवा, मोहरीएवढ्या कळ्यांचा, माझ्या करंगळीएवढा. नियम सांगतो, ह्या वयाच्या वेलीवरचा घड खुडून टाकावा, नाहीतर ती खंगते. दोनदा गेले, दोनदा परत आले.

तोडायचा की ठेवायचा, बाबा? मला माहीत नाही.

ताई, आता मागे जा आणि कंसातलंही वाच. सगळं, मोठ्यानं.

बाबा, कात्री दाराआडच्या खिळ्याला लावून ठेवलीय. चष्मा पुसून खिडकीतच आहे. कळ्या उमलायला फार दिवस नाहीत, त्याआधी या. घडाचं काय करायचं ते आपण दोघं त्या वेलीसमोर उभं राहून ठरवू. तुम्ही चुकलात तर मी हसेन, मी चुकले तर तुम्ही हसा.

हात थरथरला होता, बाबा.

तुमचीच,
पदवी