गाडी विकायची नाही

पपा,

गाडी मी घेऊन गेलेय. ती विकत घ्यायला एव्हेलिओ येईल, त्याला कॉफी पाजा आणि परत पाठवा.

इंजिन म्हातारं वगैरे काही झालेलं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला केसाएवढी चीर होती. रात्रभर समुद्राची दमट हवा आत शिरायची, मग सकाळी ठिणगी नीट पडणार कुठून? झाकण पुसून वाळवलं आणि चीर नेलपॉलिशने बुजवली. हो, माझ्याच! "नखं रंगवणाऱ्या पोरीने बॉनेटला हात लावायचा नाही," म्हणत होतात ना?

आजपासून प्रवासी घेऊन हवानाच्या फेऱ्या मीच मारणार.

रोज या गाडीच्या खोकल्याने अख्खी गल्ली जागी व्हायची. आज ती तुमच्या खिडकीखालीच सुरू झाली आणि तुम्ही घोरतच होतात.

ओदालिस