अंजनामावशींचा हात

१ जुलै, मंगळवार
कोयनानगरात व्यायामवर्ग सुरू. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होतात, ती टिकवायची, हे माझं काम. महिला मंडळाच्या अध्यक्ष विजयमालाकाकूंना सांगून टाकलं, माझ्या वर्गातली एकही बाई पडणार नाही. त्या म्हणाल्या, "लय बोलू नगं. पावसाळा हाय."

दुरुस्ती : नुसतं सांगितलं नाही, माइकवर सांगितलं. (बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. त्यांचा नियम असा, की चुकीचं लिहिलं तर खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची. मी अजून पाळते.)

३ जुलै, गुरुवार
वर्गातल्या अंजनामावशी. गेल्या दिवाळीत अंगणात घसरून मनगट मोडलं, तेव्हापासून एकट्या बाहेर पडलेल्या नाहीत. नागपंचमीला शिराळ्याला लेकीकडे जायचंय. एकटीनं. मुलगा म्हणतो, एसटीची पायरी चढताना पडशील, गप घरी बस. पायरी चढणं म्हणजे क्षणभर एका पायावर उभं राहणं. मी म्हटलं, ते मी शिकवते. त्यांनी विचारलं, "आन् तोल गेला तर?" मी म्हटलं, "मावशी, मी हात धरलाय ना. काहीही झालं तरी सोडणार नाही."
वाक्य फार आवडलं. माझं मलाच.

८ जुलै, मंगळवार
गर्दी वाढली, दोन बॅच केल्या. तोल सांभाळायचा व्यायाम खालच्या हॉलमध्ये, माझ्याकडे. टाचा उचलून दाणकन आपटायचा व्यायाम वरच्या मजल्यावर, सोनियाकडे. (त्या धक्क्यानं हाड घट्ट व्हायला मदत होते. सोनिया इथलीच, माझी मदतनीस.) दोन्ही एकाच वेळी, १७ तारखेपासून. वेळापत्रक मीच बनवलं. रंगीत पेनांनी.
इथे भूकंपाचे बारीक धक्के येतात. मी वाईची, सवय नाही. तरी सगळ्यांना समजावलं, धक्का आला तर पळायचं नाही, एकमेकींचा हात धरून हळू बाहेर पडायचं. विजयमालाकाकू म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंस. आमी जन्मभर उगंच ऱ्हायलो हितं."
त्यांना पटलेलं दिसलं.

१७ जुलै, गुरुवार, दुपार
शांतपणे लिहिते. मावशी एका पायावर उभ्या होत्या. पंखा हलला. तावदानं वाजली. मी "भूकंप" असं सर्वांना कळवलं आणि बाहेरची वाट मोकळी आहे का ते बघायला पुढे झाले. मैदानाच्या टोकापर्यंत मोकळी होती.

संध्याकाळ
दुरुस्ती : पळाले.
दुरुस्ती : भूकंप नव्हता. वर सोनियाची बॅच टाचा आपटत होती. वेळापत्रकाप्रमाणे.
दुरुस्ती : माझ्याशिवाय कुणीही हललं नव्हतं. विजयमालाकाकू दारात येऊन म्हणाल्या, "आगं ये आत. भूकंपाच्या आधी जमिनीतनं आवाज येतुय. ह्या बायका हायत."
हाताचं लिहायचं राहिलं. ते उद्या.

१८ जुलै, शुक्रवार
हात सोडला.
दुरुस्ती : सोडला नाही, झटकला. मावशींनी घट्ट धरला होता.
त्या खाली बसल्या. लागलं नाही. हे मी विचारलं नाही, सोनियानं सांगितलं.
ही शरीराची प्रतिक्रिया असते. विचार करायच्या आधीच घडते. अभ्यासक्रमात होतं. मग "भूकंप" असं ओरडायला विचार कुठून आला, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

२२ जुलै, मंगळवार
मावशी आल्या नाहीत. घरी जाऊन माफी मागायचं नक्की केलं. पाऊस होता.
दुरुस्ती : पाऊस रोजच आहे.

२३ जुलै, बुधवार
गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. दारात चपला बऱ्याच दिसल्या. पाहुणे असावेत. लोकांसमोर माफी मागितली तर मावशींनाच संकोच होईल, म्हणून परत आले.

२४ जुलै, गुरुवार
मावशी स्वतःच वर्गात आल्या. मी हात पुढे केला. त्या खिडकीकडे गेल्या. "मी आपली गज धरती. गज कुठं जात न्हाई." बायका हसल्या. मीही मोकळेपणानं हसले.
दुरुस्ती : नाही हसले.
विजयमालाकाकूंनी माझी सतरंजी उचलून दाराजवळ टाकली. "हितं बरं पडंल तुला."
मावशी गजाला धरून एका पायावर उभ्या राहिल्या. मग एकच बोट लावून. मग बोटही काढलं. मी दाराजवळून "छान" म्हटलं. ऐकू गेलं नसावं. माफी तशीच राहिली. नागपंचमीआधी मागायचीच.

२८ जुलै, सोमवार
उद्या नागपंचमी. मावशी आज शिराळ्याला निघाल्या. मुलगा कामावर गेल्यावर, त्याला न सांगता. सोनियाकडून कळलं, धावत एसटी स्टँडवर गेले. माफीची वाक्यं वाटेत पाठ केली. समोर गेल्यावर एकही आठवेना. नुसता हात पुढे केला.
त्या म्हणाल्या, "हात नगं. ही पिशवी धर. लाह्या हायत, पळताना वजं व्हायचं न्हाई."
मी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी दांडा पकडला, एक पाय पायरीवर टाकला. मागचा पाय हवेत, सगळा भार एका पायावर. आणि वर. कंडक्टरनं बघितलंसुद्धा नाही, इतकं ते साधं दिसलं.
खिडकीशी बसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एसटी सुटली. त्या काहीतरी बोलत होत्या, जोरजोरात हात हलवत होत्या. आवाज पोचला नाही, पण चेहऱ्यावरून कळलं, मला माफ केलं. डोळे भरून आले. एसटी वळणाआड जाईपर्यंत मीही हात हलवत राहिले.
दुरुस्ती : त्या पिशवी मागत होत्या.