एका वर्षाची सूट

उस्मानाबाद,
भाद्रपद, १९६१

प्रिय अक्का,

तुझं अंबाडीचं लोणचं पोचलं. आईनं बरणी मुद्दाम वरच्या फळीवर ठेवलीय, पण तिचा मुलगा उंच आहे हे ती विसरते. तिची तब्येत ठीक आहे. यंदा गौरीला तू नव्हतीस म्हणून पुरणपोळ्या जरा कमीच फुगल्या, असं तिचंच म्हणणं. शेजारच्या इरम्मा मावशी तुझी चौकशी करत होत्या. हैदराबादेत अजून कानडी बोलतेस का, असं विचारायला सांगितलंय.

डेपोचं काम जोरात आहे. वर्कशॉप माझ्या हाती आल्यापासून सकाळची एकही गाडी उशिरा सुटली नव्हती, हे तुला अभिमानानं सांगतो. हे काम मला कुणी शिकवलं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तुमच्या त्या दोन खोल्यांत मी डिप्लोमाची वर्षं काढली. संध्याकाळी दाजी मला निजामाच्या ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपात घेऊन जायचे आणि म्हणायचे, “गोपाळ, पुस्तक घरी ठेव. आधी कानस धर.” मग राज्यं वाटली गेली. मी आणि त्या जुन्या विलायती गाड्या इकडं आलो, दाजींनी नोकरी सोडून भट्टीची शेड टाकली. पत्रे चढवताना खाली शिडी धरून मी उभा होतो. त्या दिवशी तू सगळ्या गवंड्यांना शिरा वाढलास, आणि दाजी एवढे खूश होते की स्वतः खायचं विसरले.

त्या विलायती गाड्यांनीच यंदा आम्हाला घोर लावला. त्यांचे भाग विलायतेतूनच यायचे. आता परदेशी चलन वाचवायचं म्हणून नियम कडक झालेत. जो भाग देशात बनतो, तो बाहेरून मागवायचा नाही. देशात बनतच नसेल, किंवा बनलेला चाचणीत उतरत नसेल, तरच सूट. नियम मला पटतो. आपल्या माणसांनी आपल्या हातानं बनवायला शिकलंच पाहिजे. आमच्या गाड्यांचे स्प्रिंगचे बुश, ब्रॅकेट, पट्ट्या आता सगळं देशी आहे, आणि उत्तम आहे.

श्रावणात एका सोमवारी येडशी स्टेशनवरून गाडी निघाली. रेल्वेतून उतरलेली माणसं होती, रामलिंगाला जाऊन आलेल्या बायका होत्या. गाडीवर बलभीम होता. तो जळकोटचा, माझा सगळ्यांत शांत ड्रायव्हर. स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा एक दांडा असतो, त्याला आम्ही आर्म म्हणतो. तो मधोमध तुटला. गाडी रस्ता सोडून नांगरलेल्या रानात शिरली आणि बाभळीला टेकून थांबली. एका बाईचा खांदा निखळला, बलभीमचा उजवा हात मोडला. उतार लागायला फर्लांगभर रस्ता राहिला होता, अक्का. तेवढाच.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, “सायेब, म्या चाक फिरवतोय आन् ते नुसतंच फिरतंय. वरडलो, समदे खाली बसा म्हून. ब्रेक लागला म्हून वाचलो.” त्याची बायको अयोध्या पायाशी बसली होती. तिनं एकच विचारलं, “ह्यास्नी परत गाडीवर घेताल का न्हाय?” मी म्हटलं, घेणार. आणि ज्या गाडीवर घेईन तिचा दांडा मी स्वतः बघून घेईन.

दुसऱ्या दिवशी तसल्या सगळ्या गाड्या मी उभ्या केल्या आणि आर्म काढायला लावले. रॉकेलमध्ये बुडवायचे, कोरडे पुसायचे, वर खडूची भुकटी फासायची आणि वाट बघायची. लोखंडात चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. ही युक्ती मला दाजींनीच शिकवली होती. निम्म्याहून जास्त दांड्यांवर रेघ उमटली, आणि ते सगळे नवे, देशी. विलायती दांडे मात्र जुने असून स्वच्छ होते. मी एक जुना आणि एक नवा दांडा शेजारी ठेवून पाहिला. विलायती दांडा घणाखाली घडवलेला, आणि नवा देशी दांडा साच्यात ओतलेला. दोघांचा आकार अगदी एक. पण ओतीव लोखंड असा मार सोसत नाही. घडवायला मोठा यांत्रिक घण लागतो, तो देशी कारखान्याकडं नव्हता.

गाड्या उभ्या केल्यावर लोक माझ्यावर चिडले, आणि ते बरोबरच होतं. भूम तालुक्यातल्या ईटहून बब्रुवान नावाचा शेतकरी चार माणसं घेऊन आला. म्हणाला, “सायेब, आमच्या गावाला एकच गाडी. ती बी बंद. अडलेली बाळंतीण आमी बैलगाडीत घालून न्यायची व्हय?” मी त्याला रेघ उमटलेला दांडा दाखवला. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. म्हणाला, “असल्या गाडीत तर न्हायच बसवायची. पर दुसरी द्या की लवकर.” मी म्हटलं, देतो. आणि त्याच दिवशी सूट मागणारा अर्ज मुंबईला पाठवला.

मुंबईला मला बोलावलं. लांब टेबलामागं तीन साहेब बसले होते. मधले म्हणाले, “हा भाग देशात बनतो. हैदराबादचा कारखाना पुरवतो, स्वस्तही आहे. मग आयात कशाला?” मी दोन्ही दांडे टेबलावर ठेवले. त्यांनी ते चाचणीला पाठवले. दोन दिवसांनी परत बसलो तेव्हा देशी दांड्याचे तुकडे त्यांच्यापुढं होते. तेव्हा उजवीकडच्या साहेबांनी विचारलं, “या कारखान्याशी तुमचं काही वाकडं आहे का? काही संबंध?”

मी म्हटलं, “संबंध आहे. मालक नारायणराव माझे मेहुणे. मला हातात कानस त्यांनीच दिली.”

त्यांनी ते कागदावर टिपलं. मग मधले साहेब म्हणाले, “घरचाच माणूस सांगतोय, तर या कारखान्याचा सगळाच माल बंद करू या.” मी म्हटलं, नाही साहेब. त्यांचे बुश आणि ब्रॅकेट आमच्या वाईट रस्त्यांवर सगळ्यांत जास्त टिकतात, याची खात्री मी देतो. बंद करायचा तो एवढाच एक भाग. आणि सूटही कायमची नको, एका वर्षाची द्या. वर्षभरात त्यांनी घडवलेला दांडा आणला तर पुन्हा चाचणी घ्या. उतरला तर विलायतेतून एकही मागवू नका. त्यांनी आपसांत इंग्रजीत बरंच बोलून घेतलं आणि मी सांगितलं तसंच लिहून घेतलं. मी खोटं बोललो नाही आणि दाजींना बुडवलंही नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. “पोरीच्या संसारावर पाय दिलास,” म्हणाली. मी म्हटलं, “आई, त्या गाडीत तू असतीस तर?” ती म्हणाली, “मी असते तरी माझी लेक ती लेकच.” दोन दिवस माझं ताट ती नुसतं पुढं सरकवायची. काल दुपारी ती बलभीमच्या घरी जाऊन आली, मला न सांगता. त्याच्या हाताला अजून पट्टी आहे, अयोध्या त्याला भरवते. परत आल्यावर पाय धूत असतानाच म्हणाली, “प्रमूला तू लिही. सरकारी लिफाफ्यातून तिला कळता कामा नये.”

म्हणून हे पत्र. तो लिफाफा पुढच्या आठवड्यात दाजींच्या हाती पडेल. आर्मची मागणी बंद झाल्याचं त्यात असेल, आणि कुणाच्या अर्जावरून तेही असेल. तुमचं सगळ्यांत मोठं काम जाईल हे मला ठाऊक आहे, आणि तुला राग येईल हेही. येऊ दे. मी माफी मागायला लिहीत नाही. उद्या परत तीच गाडी समोर आली तर मी हेच करीन. पण घण कुठं मिळेल, भागीत कोण घेईल, हे मी मुंबईत विचारून आलोय, आणि ते दाजींना कागदावर नाही, तोंडानं सांगायचंय. रविवारी जळकोटवरून जाणाऱ्या हैदराबादच्या गाडीनं निघतोय. दाजी कदाचित म्हणतील, त्याला आत घेऊ नको. तू दार उघड, अक्का. ओट्यावर बसून बोलायचीही माझी तयारी आहे, पण बोलल्याशिवाय परत जाणार नाही.

तुझाच,
गोपाळकृष्ण