सासूबाई, सूप आणि गुरू ग्रह

प्रिय सुयुनबेक दादास, कोचकोरहून कालीमानचा सलाम.

तू, वहिनी, मुलं आणि ती लाथा मारणारी गाय, सगळे खुशाल असाल अशी आशा. (गाईला शेवटी लिहिलं ते मानानं, प्रेमानं नव्हे. दूध तीच देते.) तुझ्या गुडघ्याला अस्वलाची चरबी लाव म्हणून सासूबाईंनी सांगितलंय. चरबी कुठून आणायची ते सांगितलेलं नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे. मेंढ्या अजून वर कुरणातच आहेत, आमचे हेही मेंढ्यांबरोबर तिथेच आहेत, आणि ह्यांच्यापेक्षा मेंढ्यांची खबर मला जास्त नियमित मिळते.

आता मूळ गोष्ट. विटोल्ड आठवतो का? पोलंडचा, मोटरसायकलवरून जग हिंडणारा, लाल दाढीवाला. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडे उतरला होता. त्यानं प्रवासाचं पुस्तक लिहिलं. आमच्या नाझिकला ते बिश्केकमध्ये रशियन भाषेत मिळालं आणि तिनं कौतुकानं आजीला फोनवर वाचून दाखवलं. (मुलीला शिकवलं, पण कुठे थांबावं ते शिकवायचं राहिलं.) आमच्या वाट्याला इतकंच आलं होतं: "कोचकोरला मुक्काम केला. सूप पातळ होतं, म्हातारी रागीट होती. पुढे निघालो."

दादा, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तुला वाटेल, सुनेची चंगळ झाली. पण ती शांतता अशी होती की शेजारीण येऊन विचारून गेली, कोणी गेलं का म्हणून. मग परवा बाजारात कळलं, की तोच विटोल्ड सोनकुल तळ्याच्या काठी तंबू ठोकून बसलाय. सासूबाईंनी ठेवणीतला पांढरा रुमाल डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, "सूनबाई, ज्युपिटर काढ."

ज्युपिटर म्हणजे आपल्या बाबांची जुनी मोटरसायकल, बाजूच्या डब्यासकट. बाबा गेल्यापासून तिच्यावर फक्त बटाट्यांनी प्रवास केलाय. मी सासूबाईंना म्हटलं, अपा, एवढी मोठी खिंड आहे, ब्रेक माझ्या मनासारखा लागत नाही. त्या म्हणाल्या, "चढाला ब्रेक कशाला लागतो?" आणि डब्यात जाऊन बसल्यासुद्धा.

चढाचं मी लिहीत नाही, तुला झोप लागणार नाही. इतकंच सांगते, की वाटेतल्या मेंढपाळांच्या एकाही तंबूवरून, एकाही यर्टवरून आम्ही सरळ गेलो नाही. सासूबाईंच्या मते माणसाच्या दारावरून चहा न घेता जाणं म्हणजे शिवी देणं. त्यामुळे प्रत्येक दारी चहा, घोडीच्या दुधाचं कुमिस, आणि प्रत्येक दारी त्या पुस्तकाची तक्रार पहिल्यापासून. खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत अर्ध्या खोऱ्याला आमचं सूप ठाऊक झालं होतं. माथ्यावर गारा झाल्या. सासूबाईंनी पातेलं डोक्यावर घेतलं. (हो, पातेलं बरोबर होतं. पुरावा म्हणून.) उतार लागून ब्रेकचा प्रश्न येणार तेवढ्यात माथ्यावरच पेट्रोल संपलं, हीच देवाची दया. शेवटी एका मेंढपाळानं घोडा जुंपला, आणि सूर्य मावळता मावळता आम्ही सोनकुलला पोचलो: पुढे घोडा, मागे मोटरसायकल, त्यात पातेलं मांडीवर घेतलेल्या सासूबाई.

विटोल्ड एका लांब नळीला डोळा लावून बसला होता. आम्हाला पाहून धावत कॅमेरा घेऊन आला.

"ते खाली ठेव," सासूबाई म्हणाल्या. "आधी सूप."

"कुठलं सूप?" तो म्हणाला.

दादा, त्याला आठवतच नव्हतं! सासूबाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागवल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या डब्यातून उतरल्या, रुमाल नीट केला आणि हळूच म्हणाल्या, "तीन दिवस तुला ताप होता. उठून बसता येत नव्हतं. चमच्या-चमच्यानं भरवलं तुला मी. सूप पातळ होतं, कारण तुझं पोट त्याहून पातळ होतं! आणि रागावले, कारण तशा अवस्थेत तू गाडीवर बसायला निघाला होतास."

मेंढपाळ जमले होते. विटोल्ड दाढीपेक्षा लाल झाला. खाली बघत म्हणाला, "आजारपणाचं लिहिलंच नाही मी, आजी. अंथरुणात पडलेल्या वीराचं पुस्तक कोण वाचणार?"

"मग लिहिलंस काय?"

"डोंगर. रस्ता. मी."

"आणि माणसं?"

बिचाऱ्यानं विषय बदलायला नळी पुढे केली. म्हणाला, "आजी, बघा, तो ज्युपिटर, गुरू ग्रह. तुमची गाडी ज्याच्या नावाची, तोच." सासूबाईंनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. पट्टे दिसले, चार चंद्र दिसले. "चार लेकरं आहेत की याला," म्हणाल्या. मग विचारलं, तिथे जमीन कशी आहे, चराई कशी. तो म्हणाला, जमीनच नाही, सगळा वायू आहे, पण हजाराच्या वर पृथ्व्या आत मावतील.

"म्हणजे तुझ्या पुस्तकासारखाच," सासूबाई म्हणाल्या. "भलामोठा, पण पाय ठेवायला जागा नाही."

मेंढपाळ हसून आडवे झाले. सगळ्यात मोठ्यानं विटोल्ड हसला, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. मग त्यानं गुडघे टेकून माफी मागितली आणि म्हणाला, नवीन पुस्तक लिहितोय, या वेळी माणसं कुठे भेटतात ते सांगा. सासूबाई म्हणाल्या, सांगून कळणार नाही. मी मागे बसते आणि थांब म्हणेन तिथे थांब.

सकाळी त्या खरंच मागे बसल्या आणि दक्षिणेकडे निघाल्या. ह्यांना फोन केला, तुमची आई परक्या माणसाच्या मोटरसायकलवरून गेली. हे म्हणाले, "हेल्मेट घातलंय ना?" घातलंय म्हटलं, रुमालावरून. "मग ठीक," म्हणाले आणि मेंढ्यांकडे गेले.

सर्वांना आशीर्वाद आणि गाईच्या पाठीवर एक थाप.

तुझी बहीण,
कालीमान

ता. क. दक्षिणेकडे म्हणजे ओशला, तुझ्याकडे. हे पत्र टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतेय. तो आधी पोचेल, कारण त्याला दर यर्टला चहा घ्यावा लागत नाही. दोघांना उतरवून घे. सूप दाट कर.

ता. क. २. सासूबाईंना चांगल्या महिनाभर ठेवून घे. हवापालट होईल. (कोणाचा, ते विचारू नकोस.)

ता. क. ३. वरचं खोड. आठवड्यात परत पाठव. आज एकटीनं आपला मीठ-दुधाचा चहा केला. मीठ कमी पडलंय असं सांगायला घरात कोणी नव्हतं. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "सूनबाई, मीठ!" पण मला तो आवाज जमत नाही.